वर्डप्रेस थीममधील रंग, अंतरे आणि स्टाइलना टिकणारी नावे कशी द्यावीत

एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळाची थीम, म्हणजे त्याचे रूप ठरवणारा फाइलींचा संच, मी तयार केली, तेव्हा तिच्या बोधचिन्हातला रंग गडद निळा होता आणि म्हणून पॅलेटमधल्या (थीमने देऊ केलेल्या रंगांच्या यादीतल्या) त्या रंगाला मी रोमन अक्षरांत ‘निळा’ असेच नाव दिले. तीन वर्षांनी संस्थेने बोधचिन्ह बदलले व निळ्याच्या जागी डाळिंबी रंग आला. थीमच्या फाइलीत रंगाचा कोड बदलायला मिनिटभरही लागले नाही; परंतु त्या क्षणापासून ‘निळा’ नावाचा रंग डाळिंबी दिसू लागला. पुढे एका सहकाऱ्याने सूचनेच्या पट्टीला निळा रंग हवा म्हणून तेच नाव वापरले आणि पानावर डाळिंबी पट्टी उमटल्यावर आपलेच काही चुकले असावे या समजुतीने अर्धा दिवस शोधाशोध केली. नाव बदलून टाकावे, तर त्या नावाने रंगवलेले मथळे आणि बटणे शेकडो जुन्या पानांत विखुरलेली होती. तेव्हापासून नवी थीम हाती घेतली की पहिला रंग नोंदवण्याआधी मी नावांची पद्धत ठरवतो. ती पद्धत इथे सविस्तर मांडत आहे. उदाहरणे मुख्यतः वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीच्या ब्लॉक थीममधली, म्हणजे परिच्छेद, बटण अशा तुकड्यांनी (ब्लॉकनी) पान बांधणाऱ्या थीममधली आहेत, कारण माझे रोजचे काम त्यांतच चालते. लेखात नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली असली, तरी प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीत लिहावयाची आहेत.

नाव कुठे कुठे जाऊन बसते

वर्डप्रेसच्या ५.८ या आवृत्तीबरोबर, म्हणजे जुलै २०२१ मध्ये, ‘थीम डॉट जेसन’ ही फाइल आली आणि थीममधले रंग, अक्षरांचे आकार, फॉन्ट व अंतरे एका जागी नोंदवण्याची सोय झाली. पॅलेटमधल्या प्रत्येक रंगासाठी या फाइलीत तीन गोष्टी लिहाव्या लागतात: रंगाचा कोड, संपादकाला दिसणारे नाव आणि स्लग, म्हणजे संगणकाने वापरायचे नाव. संपादकाला दिसणारे नाव हे लेबल असते. ते मराठीत लिहिता येते, त्याचे भाषांतर करता येते आणि ते केव्हाही बदलले तरी एकाही पानाला धक्का लागत नाही. स्लगचे तसे नाही. ‘प्रायमरी’ असा स्लग दिला की वर्डप्रेस त्यापासून आधी एक सीएसएस व्हेरिएबल (पानाचे रूप लिहिण्याच्या सीएसएस भाषेतले, मूल्य साठवणारे नाव) तयार करते, ज्याच्या नावात ‘डब्ल्यूपी’, ‘प्रीसेट’, ‘कलर’ आणि ‘प्रायमरी’ हे चार शब्द दोन-दोन हायफननी जोडलेले असतात. त्यानंतर ‘हॅज-प्रायमरी-कलर’ आणि ‘हॅज-प्रायमरी-बॅकग्राउंड-कलर’ असे क्लास, म्हणजे पानावरच्या घटकाला रूप देण्यासाठी चिकटवायची नावे, तयार होतात. आणि लेखकाने एखाद्या परिच्छेदाला तो रंग दिला की हा क्लास आणि ब्लॉकच्या नोंदीतला स्लग, दोन्ही त्या लेखाच्या मजकुराबरोबर डेटाबेसमध्ये साठवले जातात.

रंगाचा कोड थीममध्ये राहतो आणि स्लग लेखांमध्ये राहायला जातो, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली म्हणजे पुढचे सगळे नियम आपोआप समजतात. लेबल ही दारावरची पाटी आहे, घरमालकाच्या मर्जीने ती बदलता येते. स्लग हा सात-बारावरचा गट क्रमांक आहे, तो बदलायचा तर जुने सगळे कागद उघडावे लागतात. म्हणून लेबलवर फार वेळ घालवला नाही तरी चालेल, पण स्लग मात्र थीम प्रकाशित होण्याआधी पक्का झालेला असावा.

आधी मोजदाद

नावे सुचण्यासाठी वस्तू समोर हव्यात. जुने संकेतस्थळ असेल तर ते, नवे असेल तर डिझायनरने दिलेली चित्रे समोर ठेवून प्रत्येक रंग कुठे येतो आणि तिथे काय काम करतो, हे कागदावर दोन रकान्यांत लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु मी ते कधीही टाळत नाही. एका मासिकाच्या संकेतस्थळावर मला अशा मोजदादीत करड्या रंगाच्या अकरा छटा सापडल्या होत्या; कामाचा रकाना वाचल्यावर दिसले की त्या अकरा छटा मिळून तीनच कामे करीत होत्या: दुय्यम मजकूर, चौकटींच्या रेषा आणि मजकुरामागची फिकी पार्श्वभूमी. अकरा छटांना अकरा नावे शोधत बसलो असतो तर ‘करडा-फिका-जरासा-गडद’ या वाटेला लागलो असतो. कामे तीन आहेत हे कळल्यावर नावेही तीनच लागली आणि आठ छटा काढून टाकल्या. नाव सुचत नाही याचे कारण बहुतेक वेळा असे असते की त्या रंगाला स्वतःचे काम नसते.

नाव कामावरून द्यावे, रूपावरून देऊ नये, हा या सगळ्यातला मुख्य नियम आहे आणि तो नवा नाही. क्लासच्या नावांनी मजकुराच्या दिसण्यापेक्षा त्याचे स्वरूप सांगावे, अशी शिफारस एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथातही आहे. रूपावरून दिलेली नावे किती लांबपर्यंत त्रास देतात, याचे उदाहरण सीएसएसमध्येच आहे. सीएसएसच्या नावाच्या रंगांमध्ये ‘ग्रे’ आणि ‘डार्कग्रे’ असे दोन रंग आहेत. ‘ग्रे’मध्ये लाल, हिरवा आणि निळा हे घटक प्रत्येकी १२८ असतात आणि ‘डार्कग्रे’मध्ये ते प्रत्येकी १६९ असतात, म्हणजे ‘गडद करडा’ हा नुसत्या ‘करड्या’पेक्षा फिका आहे. ‘डार्कग्रे’ हे नाव एक्स-११ या विंडो-प्रणालीच्या यादीतून आले, जिथे मूळ ‘ग्रे’ १९० होता आणि १६९ हा खरोखरच त्याहून गडद होता. एचटीएमएलच्या सोळा रंगांतला ‘ग्रे’ मात्र १२८ होता, आणि दोन याद्या एकत्र झाल्यावर ही विसंगती कायमची राहिली. असंख्य पाने या नावांवर उभी असल्याने आज ती दुरुस्त करता येत नाही.

हेच दिशांच्या नावांबाबत घडले. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस-संचामध्ये मजकूर डावीकडे लावणाऱ्या क्लासच्या नावात ‘लेफ्ट’ हा शब्द होता. मे २०२१ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी सोय करताना तो शब्द बदलून ‘स्टार्ट’ करावा लागला, कारण अरबी किंवा उर्दू पानावर ‘लेफ्ट’ नावाचा क्लास मजकूर उजवीकडे नेऊ लागला असता. ‘स्टार्ट’ या शब्दात काम सांगितले आहे: ओळ जिथे सुरू होते ती बाजू. मराठी संकेतस्थळावर उर्दू विभाग जोडण्याची वेळ कधीच येणार नाही असे कोणी गृहीत धरू नये. महाराष्ट्रात तर नाहीच.

वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीमनी काय केले

वर्डप्रेस जवळजवळ दरवर्षी जी मूळ थीम देत आले, तिच्या रंगांची नावे ओळीने वाचली तर हा विचार कसा बदलत गेला ते दिसते. जानेवारी २०२२ मध्ये ५.९ बरोबर आलेल्या ‘ट्वेंटी ट्वेंटी-टू’मध्ये ‘फोरग्राउंड’, ‘बॅकग्राउंड’, ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’ आणि ‘टर्शरी’ अशी नावे होती. ‘बॅकग्राउंड’ हे नाव कामावरून दिलेले वाटते, पण ते वापरून पाहावे. हा रंग एखाद्या ब्लॉकची पार्श्वभूमी म्हणून दिला की क्लास तयार होतो ‘हॅज-बॅकग्राउंड-बॅकग्राउंड-कलर’, आणि गडद बटणावरच्या अक्षरांना तोच रंग दिला की ‘हॅज-बॅकग्राउंड-कलर’. हे दुसरे नाव वाचून कोणालाही हा पार्श्वभूमीचाच क्लास वाटेल. प्रत्यक्षात तो अक्षरांचा रंग ठरवतो. चूक अशी की क्लासच्या उरलेल्या भागात जे काम आधीच सांगितलेले आहे, तेच स्लगमध्ये पुन्हा सांगितले गेले. पुढच्या वर्षीच्या थीममध्ये त्याऐवजी ‘बेस’ आणि ‘कॉन्ट्रास्ट’ ही जोडी आली. ‘बेस’ म्हणजे पानाचा पाया असलेला रंग आणि ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणजे त्यावर स्पष्ट उठून दिसणारा रंग. यांतला कोणता अक्षरांना द्यायचा आणि कोणता मागे ठेवायचा, हे क्लासचा उरलेला भाग सांगतो. पांढऱ्यावर काळे असो की काळ्यावर पांढरे, ही नावे खोटी ठरत नाहीत. मी आज प्रत्येक थीममध्ये हीच जोडी वापरतो.

‘ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह’मध्ये या जोडीबरोबर ‘ॲक्सेंट-१’ पासून ‘ॲक्सेंट-६’ पर्यंत सहा रंग आहेत. इथे माझे मत वेगळे पडते. त्या सहांपैकी पहिला पिवळा ठसठशीत रंग आहे, चौथा करडा असून दुय्यम मजकुरासाठी येतो आणि सहावा अर्धपारदर्शक असून रेषांच्या कामाचा आहे; हे नावावरून कळण्याचा कोणताही मार्ग नाही, फाइल उघडूनच पाहावे लागते. अनेक पर्यायी रूपांना एकच सांगाडा द्यायचा असल्यामुळे तिथे असे क्रमांक सोयीचे ठरतात, हे मला मान्य आहे. परंतु एका संस्थेसाठी केलेल्या थीममध्ये ‘ॲक्सेंट-४’ पेक्षा ‘म्यूटेड’ आणि ‘ॲक्सेंट-६’ पेक्षा ‘बॉर्डर’ हे नाव देणे, सहा महिन्यांनी त्या फाइलीकडे परत येणाऱ्या माणसासाठी फार मोलाचे असते.

माझ्या बहुतेक थीमची रंगयादी ‘बेस’, ‘कॉन्ट्रास्ट’, ‘प्रायमरी’, ‘ऑन-प्रायमरी’, ‘म्यूटेड’, ‘सरफेस’, ‘बॉर्डर’ आणि ‘नोटिस’ अशा आठ नावांत संपते. यांतले ‘ऑन-प्रायमरी’ हे नाव गूगलच्या मटेरियल डिझाइन या रचनापद्धतीच्या धर्तीवर आहे आणि त्याचा अर्थ ‘प्रायमरी रंगावर लिहिण्याचा रंग’ असा होतो. ही जोडी नावातच बांधून ठेवल्याने वाचनीयतेची तपासणी सोपी होते. वेब सुलभतेच्या निकषांत ‘एए’ पातळीसाठी सामान्य आकाराचा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ ला १ इतका फरक मागितलेला आहे. कोणते दोन रंग एकमेकांवर येणार हे नावच सांगत असेल, तर तपासायच्या जोड्या मोजक्या राहतात, आणि ‘प्रायमरी’ निळ्याचा डाळिंबी झाला तर त्याच वेळी ‘ऑन-प्रायमरी’कडेही पाहिले पाहिजे याची आठवण राहते.

मोठ्या कंपन्यांत याच्या पुढे जाऊन नावांचे दोन किंवा तीन थर करतात. ‘डिझाइन टोकन’ ही संज्ञा सेल्सफोर्समध्ये २०१४ च्या सुमारास रूढ झाली, आणि त्या पद्धतीत खालच्या थरात ‘ब्लू-७००’ सारखी कच्च्या रंगांची नावे, वरच्या थरात ‘बटण-पार्श्वभूमी’ सारखी कामाची नावे आणि वरचे नाव खालच्या नावाकडे बोट दाखवणारे अशी रचना असते. अनेक उत्पादने एकाच रंगसंचावर चालत असतील तर ती आवश्यकच आहे. दहा-बारा रंगांच्या संकेतस्थळासाठी मात्र कच्च्या रंगांची नावे डिझायनरच्या फाइलीत राहू द्यावीत आणि थीममध्ये केवळ कामाची नावे आणावीत, असे माझे मत आहे. संपादकाच्या पॅलेटमध्ये दोन्ही थर एकत्र दिसू लागले की लेखक हमखास खालच्या थरातला रंग उचलतो आणि पुन्हा ‘निळा’ डाळिंबी होण्याची वाट मोकळी होते.

आकार आणि अंतरे: मध्ये जागा सोडणारे क्रमांक

रंगांना कामाची नावे जमतात, परंतु अंतरांना जमत नाहीत, कारण एकच अंतर परिच्छेदांमध्ये, स्तंभांमध्ये आणि चौकटीच्या आत अशा अनेक ठिकाणी उपयोगी पडते. इथे मोजपट्टी हवी, आणि मोजपट्टीवरच्या खुणांमध्ये जागा सोडलेली हवी. वर्डप्रेसने अंतरांसाठी २०, ३०, ४० असे ८० पर्यंतचे स्लग ठेवले आहेत आणि ५० हे मधले माप धरले आहे. हे पिक्सेल नव्हेत, नुसते क्रम आहेत. उद्या ४० आणि ५० यांच्यामध्ये एक माप लागले तर ४५ घालता येते आणि जुने एकही नाव हलवावे लागत नाही. फॉन्टच्या जाडीचे १०० ते ९०० हे आकडे याच जातीचे आहेत. त्यांत ४०० म्हणजे साधे आणि ७०० म्हणजे ठळक. टेलविंड या सीएसएस-संचाच्या रंगछटा पूर्वी १०० ते ९०० होत्या. २०२० मध्ये खालच्या टोकाला ५० आणि २०२३ मध्ये वरच्या टोकाला ९५० ही छटा जोडली गेली, तरी आधीचे क्रमांक जिथल्या तिथे राहिले. याउलट १, २, ३ अशी नावे दिली असती तर पहिल्याच्या आधी काय घालावे हा प्रश्न पडला असता.

अक्षरांच्या आकारांसाठी ‘स्मॉल’, ‘मीडियम’, ‘लार्ज’, ‘एक्स-लार्ज’ ही नावे वर्डप्रेसमध्ये रुळलेली आहेत आणि चार-पाच आकारांपर्यंत तीच ठेवावीत, कारण दुसऱ्या थीममधून आणलेले पॅटर्न (तयार ब्लॉकरचना) बहुधा हेच स्लग मागतात. सहावा आकार लागला तर मात्र ‘मीडियम-लार्ज’ असे जोडनाव करण्याआधी तो आकार खरोखर हवा आहे का, हे मोजदादीच्या कागदावर तपासून पाहावे.

फॉन्टला त्याच्याच नावाने नोंदवण्याचा मोह सगळ्यांना होतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ हा फॉन्ट मजकुरासाठी घेतला, म्हणून स्लगही ‘मुक्ता’ दिला, तर पुढे मजकुरासाठी ‘टीरो देवनागरी मराठी’ निवडल्यावर ‘निळा’ची कथा जशीच्या तशी पुन्हा घडते. त्याऐवजी ‘बॉडी’ आणि ‘हेडिंग’ असे दोन स्लग द्यावेत आणि लेबलमध्ये हवे तर फॉन्टचे नाव लिहावे. ओळींमधल्या अंतरासही असेच वेगळे नाव द्यावे. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा वर चढतात, उकार आणि जोडाक्षरे खाली उतरतात, त्यामुळे रोमन मजकुराला पुरेशी असलेली ओळीची उंची मराठी मजकुरात दाटीवाटी करते. द्विभाषिक संकेतस्थळावर ‘बॉडी’ या एकाच नावाखाली दोन्ही लिप्यांसाठी वेगवेगळे मूल्य देता आले, की पानोपानी दुरुस्त्या कराव्या लागत नाहीत.

लिहिण्याचे बारकावे

सीएसएस व्हेरिएबलच्या नावांत लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांना वेगळे मानले जाते, म्हणून सगळी नावे लहान अक्षरांत लिहावीत आणि दोन शब्दांमध्ये एक हायफन ठेवावा. स्लगच्या आत दोन सलग हायफन कधीही वापरू नयेत, कारण वर्डप्रेस पातळ्या वेगळ्या करण्यासाठी तेच चिन्ह वापरते. रशियातील यांडेक्स कंपनीत जन्मलेल्या ‘बेम’ या क्लासना नावे देण्याच्या पद्धतीच्या आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या रूपात दोन अंडरस्कोरनंतर घटकाचे आणि दोन हायफननंतर त्याच्या बदललेल्या रूपाचे नाव येते. वर्डप्रेसच्या बटणातल्या दुव्याचा ‘डब्ल्यूपी-ब्लॉक-बटन’ नंतर दोन अंडरस्कोर आणि मग ‘लिंक’ हा क्लास त्याच वळणाचा आहे. आपल्या क्लासना ही रचना दिली तर ती परकी वाटत नाही.

आकडा अक्षराला चिकटवून लिहिण्याची एक चूक मी स्वतः केली आहे. ‘हेडिंग१’ असा स्लग फाइलीत लिहिला आणि स्टाइलशीटमध्येही (सीएसएसचे नियम असलेल्या फाइलीतही) तसाच वापरला, परंतु वर्डप्रेस व्हेरिएबलचे नाव बनवताना अक्षर आणि आकडा यांच्यामध्ये स्वतः हायफन घालते, त्यामुळे खरे नाव ‘हेडिंग-१’ झाले होते आणि माझा नियम कुठेही लागू होत नव्हता. फाइलीतच हायफन घालून लिहावे, म्हणजे लिहिलेले आणि तयार झालेले नाव एकच राहते. ‘कलर’ या शब्दाचे स्पेलिंगही एकदाच ठरवावे. सीएसएसमध्ये अमेरिकी स्पेलिंग आहे आणि आपल्या शाळांत ब्रिटिश शिकवले जाते, त्यामुळे मराठी माणसाच्या हातून तो जास्तीचा यू हमखास पडतो. सीएसएसमधले अमेरिकी स्पेलिंगच सर्वत्र पाळावे.

पूर्वपद जोडावे की नाही, याचे उत्तर जागेनुसार बदलते. ब्लॉकसाठी स्वतःची स्टाइल नोंदवली की ‘इज-स्टाइल’ आणि तिचे नाव असा क्लास बनतो, आणि ‘कार्ड’ किंवा ‘आउटलाइन’ अशी नावे प्लगइनही (वर्डप्रेसला जोडायची जास्तीची साधनेही) वापरत असतात. म्हणून तिथे थीमच्या नावाची दोन-तीन अक्षरे आधी जोडावीत. पॅलेटच्या स्लगना मात्र पूर्वपद लावू नये. ‘बेस’, ‘कॉन्ट्रास्ट’ आणि ‘प्रायमरी’ ही नावे अनेक थीममध्ये समान असल्यामुळेच थीम बदलल्यावर जुन्या लेखांना नव्या थीमचे योग्य रंग मिळतात. तिथे आपल्या संस्थेचे आद्याक्षर जोडले, की पुढच्या थीमच्या वेळी लेख उघडे पडतात.

मराठी नावे कुठे द्यावीत

सीएसएसमध्ये देवनागरी नावे चालतात. ‘मुख्य-रंग’ असे व्हेरिएबल लिहिले तर ब्राउझर ते बिनतक्रार स्वीकारतो. आपल्या भाषेत काम करण्याची ओढ मलाही आहे, तरीही स्लग देवनागरीत देऊ नयेत असे मी सांगेन, आणि त्याचे कारण लिपीच्या संगणकीय लेखनात आहे. ब्राउझर दोन नावांची तुलना डोळ्यांनी करीत नाही, एकामागून एक संकेतांक ताडून करतो. ‘ॲक्सेंट’ मधला ‘ॲ’ युनिकोड या लिपी-संकेतप्रणालीच्या ५.१ आवृत्तीपासून एका स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येतो, किंवा ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र देऊनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण ती दोन भिन्न नावे असतात. ‘दऱ्या’, ‘सुट्ट्यांच्या वाऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ सुद्धा वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या रीतीने उमटतो. अशी चूक नजरेने शोधणे जवळजवळ अशक्य असते.

मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याचा मधला मार्गही फसवा आहे, कारण त्याला प्रमाण स्पेलिंग नाही. ‘शीर्षक’ हा एक शब्द एकाच कार्यालयात तीन जण तीन प्रकारे लिहितात; कोणी दीर्घ ई साठी दोन ई घालतो, कोणी एक आय, कोणी शेवटी ए जोडतो. म्हणून स्लग साध्या, रुळलेल्या इंग्रजी शब्दांत ठेवावेत आणि मराठीचा सगळा जीव लेबलमध्ये ओतावा, कारण संपादक, उपसंपादक आणि शिक्षक रोज जे वाचतात ते लेबलच असते. तिथे शब्दाशब्दाचा विचार करावा. ‘प्रायमरी’साठी ‘प्राथमिक’ लिहिले तर शाळेच्या संकेतस्थळावर ते प्राथमिक विभागाचा रंग असल्यासारखे वाचले जाते; ‘मुख्य रंग’ हे सरळ आहे. ‘ठळक’ हा शब्द जाड अक्षरांसाठी रूढ असल्याने उठावाच्या रंगासाठी ‘लक्षवेधी’ बरा. ‘म्यूटेड’साठी मी ‘दुय्यम मजकूर’ असेच लिहितो, म्हणजे तो कुठे वापरावा हे विचारायला कोणी फोन करीत नाही.

नावे कसाला लावणे

यादी तयार झाल्यावर थीमच्या ‘स्टाइल्स’ फोल्डरमध्ये एक पर्यायी रूप तयार करावे आणि त्यात सगळे रंग उलटे द्यावेत: पाया काळपट, अक्षरे पांढरी, मुख्य रंग पूर्ण वेगळा. स्लग तेच ठेवावेत. ते रूप लावून पाच-सहा पाने फिरून पाहावीत आणि प्रत्येक नाव मनात म्हणावे. ‘लाइट-ग्रे’ नावाची गोष्ट या पानावर काळी दिसत असेल, तर ते नाव आजच बदलावे, कारण आज ते कुठल्याही लेखात गेलेले नाही. दुसरी कसोटी म्हणून मी एखादे नाव सहकाऱ्याला फोनवर सांगतो आणि त्याला ते टाइप करायला लावतो. ‘बीटीएन-पीआर-बीजी’ यासारखी आखूड नावे या कसोटीत टिकत नाहीत.

शेवटी थीमच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल ठेवावी आणि तीत प्रत्येक नावापुढे त्याचे काम एका वाक्यात लिहावे. शक्य असेल तिथे ते नाव कुठे वापरू नये हेही लिहावे. ‘नोटिस: सूचना आणि अंतिम तारखा; मथळ्यांना देऊ नये’ इतके पुरते.

नाव आधीच चुकले असेल तर

शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावर मी काय केले, ते क्रमाने सांगतो. प्रथम पॅलेटमध्ये ‘प्रायमरी’ हा नवा स्लग डाळिंबी कोडसह घातला आणि ‘निळा’ पॅलेटमधून काढला, म्हणजे संपादकांना तो यापुढे निवडता येणार नाही. त्याच वेळी थीमच्या स्टाइलशीटमध्ये जुन्या व्हेरिएबलचे नाव नव्याकडे वळवले, आणि ‘हॅज-निळा-कलर’ व ‘हॅज-निळा-बॅकग्राउंड-कलर’ हे दोन्ही क्लास स्वतः लिहून त्यांना नवा रंग दिला. वर्डप्रेस स्वतः बनवलेल्या रंगांच्या क्लासना ‘इम्पॉर्टंट’ ही इतर नियमांवर मात करणारी खूण लावते, म्हणून हाताने लिहिलेल्या या क्लासनाही ती लावावी लागते. एवढ्याने वाचकांसाठी सगळी जुनी पाने तत्काळ नीट दिसू लागली.

डेटाबेसमधले नाव बदलणे ही त्यानंतरची आणि अधिक सावधपणाची पायरी आहे. संपूर्ण प्रत काढून ठेवावी, कमांड लाइनवरून शोध-बदल करताना आधी कोरडी फेरी, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता नुसती चाचणी, घ्यावी आणि नुसता ‘निळा’ कधीही शोधू नये. रोमन अक्षरांत ती चार अक्षरे माणसांच्या नावांतही येतात. पूर्ण क्लास आणि ब्लॉकच्या नोंदीतला अवतरणचिन्हांतला स्लग, असे दोन्ही वेगवेगळे शोधून बदलावेत. त्यांपैकी एकच बदलला तर पान दिसायला ठीक दिसते, परंतु संपादक ते उघडतो तेव्हा ब्लॉकमध्ये अनपेक्षित मजकूर असल्याचा इशारा येतो. काही नोंदींत ‘व्हार’ नंतर कोलन आणि मग ‘प्रीसेट’, ‘कलर’ व स्लग हे उभ्या दांडीने तोडून लिहिलेले असतात. तेही शोधावेत, आणि संपादकांनी पडद्यावरून बदललेल्या स्टाइल वेगळ्या नोंदीत साठतात, तिथेही डोकावावे.

सगळे बदलून झाल्यावरही स्टाइलशीटमधल्या त्या जुन्या ओळी मी काढल्या नाहीत. लेखांच्या जुन्या आवृत्त्या डेटाबेसमध्ये असतात, आणि एखाद्या प्राध्यापकाने दोन वर्षांपूर्वीचे पान पूर्वस्थितीला नेले की ‘निळा’ परत येतो. त्या ओळींवर एक टिप्पणी लिहून तीत बदलाची तारीख, जुने नाव, नवे नाव आणि कारण नोंदवले आहे. पुढची थीम जो कोणी करील, त्याने त्या ओळी आधी नव्या थीममध्ये उतरवाव्यात आणि मगच जुनी थीम बंद करावी.